पायवाटेला पायवाटच राहू द्या

प्रति,
मा. मुख्य वनसंरक्षक (प्रादेशिक), पुणे वनवृत्त,
तसेच मावळ, मुळशी, राजगड आणि भोर तालुक्यांतल्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांचे सर्व सदस्य

विषय: घाटमाथ्यावरच्या जुन्या वाटा नोंदवून दुरुस्त करण्याबाबत आणि त्यांपैकी योग्य त्या वाटा सायकलींसाठी रीतसर खुल्या करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. परदेशी संघ आले, चारशेहून अधिक किलोमीटरची शर्यत आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवरून गेली, गावोगावची पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडली. आम्हा सायकलवाल्यांना त्याचा फार आनंद झाला. त्यानंतर एक सूचना अधूनमधून कानावर येऊ लागली आहे: रस्त्यावरच्या सायकलींसाठी एवढं झालं, आता डोंगरातल्या सायकलींसाठीही सरकारने चांगला ट्रॅक बांधावा. सूचना करणाऱ्यांचं मन चांगलं आहे. पण डोंगरात सायकल चालवणारी एक बाई म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की असा ट्रॅक बांधू नका. ज्या वाटा शेकडो वर्षं तिथे आहेतच त्या मरू देऊ नका, एवढंच करा. हे पत्र त्यासाठी आहे.

माझं माहेर कानंदी खोऱ्यातलं. नोकरीमुळे पुण्यात राहते, पण सुट्टीला पाय तिकडेच वळतात आणि आता पायांबरोबर चाकंही. त्यामुळे या वाटा मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहेत: डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या बाईची वाट म्हणून आणि माउंटन बाइक चालवणाऱ्यांची वाट म्हणूनही.

घाटमाथ्यावर वाटांचं केवढं जाळं आहे ते गाडीच्या काचेतून कळत नाही. वाडीतून शेतावर, शेतातून झऱ्यावर, खिंडीतून पलीकडच्या खोऱ्यात, धारेवरून देवीच्या ठाण्याला, माथ्यावरून पदरात, म्हणजे कड्याखालच्या मधल्या सपाटीवर, आणि पदरातून खाली कोकणात. जुन्नरच्या नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे, रांजण आहे, म्हणून ती वाट सगळ्यांना माहीत झाली. पण तशाच कामाच्या, लेख नसलेल्या कितीतरी वाटा राजगड-मुळशीच्या डोंगरांत आहेत. कोकणातलं मीठ वर आणि देशावरचं धान्य खाली, हा व्यवहार बैलांच्या पाठीवरून झाला. लादलेल्या बैलाला जो उतार झेपतो तो सायकलवर बसलेल्या माणसालाही बहुतेक झेपतो. म्हणून जुन्या बैलवाटा सायकलला इतक्या चपखल बसतात. उतार बेताचा, वळणं मोकळी, आणि चढ लांबवून लांबवून नेलेला. परदेशात लाखो रुपये देऊन जाणकार बोलावतात आणि असा उतार आखून घेतात. आपल्याकडे तो आखून, वापरून, शतकानुशतकांच्या पावसात पारखून झालेला आहे.

सगळ्याच वाटा तशा नाहीत, हेही आपल्या माणसांनी नावातच सांगून ठेवलंय. बोराट्याची नाळ म्हटलं की दगडधोंड्यांची अरुंद घळ डोळ्यांसमोर येते. शिडीची वाट म्हटलं की हात मोकळे हवेत. तिथे सायकल नेण्याचा प्रश्नच नाही. ती पाठीवर टाकून नाळ उतरण्याचं धाडस करणाऱ्या मित्रांनाही मी हेच सांगते. वाटांची निवड करायला बसाल तेव्हा वाडीतल्या म्हाताऱ्यांना एवढंच विचारा: इथून बैल जात होता का? बरंचसं उत्तर तिथेच मिळेल.

आता या वाटांचं काय चाललंय ते सांगते.

उन्हाळ्यात वनविभागाच्या उतारांवर सलग समतल चर खोदले जातात. पाणी मुरावं, रोपं तगावीत म्हणून. या कामाला आमचा विरोध नाही, उलट उघड्या बोडक्या डोंगरांवर ते हवंच. पण यंत्र चालवणाऱ्याला खाली वाट आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. तो समपातळीवरून सरळ पुढे जातो आणि वाट मधेच कापली जाते. खोदलेली माती चराच्या खालच्या अंगाला बांधासारखी ओढलेली असते. डोक्यावर मोळी घेऊन वर चढणाऱ्या बाईसमोर आधी भुसभुशीत मातीचा गुडघाभर ढीग येतो, आणि त्यावर पाय रोवून उभी राहीपर्यंत पुढे चर. मोळी घेऊन उडी मारता येत नाही. मग ती चर जिथे संपतो तिथपर्यंत आडवी जाते आणि तिकडून वर चढते. तिच्या मागून ढोरं जातात, ढोरांमागून ट्रेकर, ट्रेकरांमागून आम्ही. दोन पावसाळ्यांत त्या नव्या चढाचा ओघळ होतो, कारण तो कुणी आखलेला नसतो, नाइलाजाने सरळ उतारावरच पडलेला असतो. मूळ वाट तोवर करवंदाच्या जाळीत बुजून जाते. ज्या चराने माती धरायची त्याच चरापायी शेजारून माती वाहून जाते, आणि पुढच्या वर्षीच्या कामाच्या यादीत त्या ओघळावर नालाबांध येतो.

यावर उपाय फुकट आहे. आखणी करताना चुन्याची फक्की टाकणाऱ्या वनमजुराला गावातली एक व्यक्ती बरोबर द्या. वाट आली की चर अलीकडे चार-पाच पावलांवर थांबवा आणि पलीकडे तेवढ्याच अंतरावर पुन्हा सुरू करा. चराचं टोक मात्र वाटेकडे उतरतं ठेवू नका, नाहीतर मुसळधार पावसात भरलेला चर वाटेवरच रिकामा होईल.

दुसरी गोष्ट कुंपणांची. मुळशीत आणि आता राजगडमध्येही डोंगरपायथ्याची जमीन प्लॉट पाडून विकली जाते. गाव नकाशा उघडला की पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवलेली दिसते, गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने. जागेवर जाऊन पाहावं तर त्या रेषेवर लोखंडी फाटक, आत कुत्रा आणि बाहेर ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणे वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण ती सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. मागायची कुणी? शेत विकणारा पुण्यात गेला, वाडीत उरलेल्या म्हातारीला तहसील कार्यालय म्हणजे दिवसभराचा प्रवास. सहा महिने कधी सरतात ते कळतही नाही. हा विषय महसूल खात्याचा आहे याची मला जाणीव आहे. पण वाट खात्यांच्या हद्दी पाळत नाही. पायथ्याचा तुकडा फाटकाने बंद झाला की वनातला वरचा तुकडा आपोआप मोडतो. वनविभागाने आपल्या हद्दीतल्या वाटा नकाशावर घेतल्या आणि ती यादी जिल्हाधिकारी कार्यालयाला दिली, तर खालच्या तुकड्यांसाठी बोलायला गावाच्या हातात एक कागद येईल. आज तोही नाही.

तिसरी गोष्ट जेसीबीची, आणि इथे मला जपून बोललं पाहिजे. वाडीला रस्ता हवाच. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा बचावपथकं अंधारात, पावसात, पायी डोंगर चढून गेली, कारण वर यंत्रं जाऊ शकत नव्हती. असं झाल्यावर कुणीही शहाण्या माणसाने डोंगरातल्या वाडीच्या रस्त्याला नाही म्हणू नये. माझं म्हणणं वेगळ्याच कामांबद्दल आहे. पर्यटनाच्या नावाखाली, पॉइंटपर्यंत गाडी जावी म्हणून, धारेवरच्या हातभर वाटेचा तीन मीटरचा मुरमाड पट्टा करून टाकतात. डोंगर आतून कापायचा, माती दरीत लोटायची, गटार नाही, मोरी नाही. पहिल्या पावसात अर्धा पट्टा खाली जातो. जे उरतं त्यावर ना बैल जातो, ना गाडी, ना सायकल. त्या जागी आधी असलेली वाट मात्र कायमची गेलेली असते.

वाट जाते ती पाण्यामुळे. पायांनी नाही, खुरांनी नाही, चाकांनीही नाही, निदान मुख्यतः नाही. ताम्हिणीसारख्या ठिकाणी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडू शकतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. अशा मुलखात वाटेवर पडलेलं पाणी किती लवकर वाटेवरून बाजूला काढता येईल, एवढाच प्रश्न असतो. जगभरात माउंटन बाइकच्या वाटा बांधणाऱ्यांचे ठोकताळे याच प्रश्नाभोवती फिरतात. १९८८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने हे ठोकताळे सगळीकडे पोचवले. वाटेचा उतार ती ज्या डोंगरउतारावर आहे त्याच्या निम्म्याहून कमी असावा, म्हणजे पाणी वाटेला आडवं पार होऊन जातं, वाटेचाच ओढा करत नाही. सरासरी उतार दहा टक्क्यांच्या आत ठेवावा. वाट दरीच्या अंगाला किंचित कललेली असावी. आणि लांब उतारात मधे मधे थोडा चढ घ्यावा, म्हणजे तिथपर्यंत साचत आलेलं पाणी खोलग्यातून बाहेर पडतं.

हे वाचताना मला आमच्या खोऱ्यातली एक बैलवाट दिसत असते. पंचवीस-तीस पावलांवर वाटेत तिरका गाडलेला लांबट दगड, मातीच्या वर जेमतेम चार बोटं. त्याच्या वरच्या अंगाला बारीक खडी साचलेली, म्हणजे पाणी तिथे थबकतं आणि दरीकडे वळतं. दरीच्या कडेला कोरडा रचलेला बांध, चुना नाही की सिमेंट नाही, खालचे दगड मोठे आणि वर चढत गेलेले लहान, फटींमधून पाणी निथळायला जागा. वळणावर वाट जरा रुंद, कारण लादलेल्या बैलाला फिरायला जागा लागते. मधले काही दगड निखळलेत. जिथे निखळलेत त्याच्या बरोबर खाली वाट घोटाभर खचली आहे, आणि जिथे शाबूत आहेत तिथे ती सपाट आहे. ही वाट दुरुस्त करायची तर लागेल काय? पहार, फावडं, घमेलं, चार अनुभवी हात आणि एखादा आठवडा. सायकलसाठी एवढाच बदल सुचवीन की नव्याने बसवायच्या तिरक्या दगडाऐवजी तिथे वाटेलाच उथळ, लांबट खोलगा द्यावा, कारण ओल्या तिरक्या दगडावर पुढचं चाक घसरतं. चालणाऱ्याला आणि ढोरांनाही खोलगा सोयीचाच पडतो.

पावसाच्या प्रदेशात हे जमतं याचं उदाहरण बाहेर आहे. उत्तर वेल्समध्ये कोइड अ ब्रेनिन नावाचं डोंगराळ जंगल आहे. मुद्दाम माउंटन बाइकसाठी आखलेल्या वाटांचं ब्रिटनमधलं पहिलं केंद्र म्हणून ते ओळखलं जातं. ते काम १९९० च्या दशकातलं. तिथेही पाऊस भरपूर, म्हणून चढउतारांवर जागेवरचेच दगड खोचून फरसबंदी केली, वर डांबर घातलं नाही. पुढे तिथे मोठं अभ्यागत केंद्र झालं, उपाहारगृह झालं. पैशांची ओढाताण झाली तेव्हा २०२५ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने ते केंद्र आणि उपाहारगृह बंद केलं. वाटा मात्र चालू राहिल्या. मला यातून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते: पैसा आधी इमारतीत, कमानीत, सेल्फी पॉइंटमध्ये घालू नका. तो वाटेत घाला.

ब्रिटनमधलीच आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने सायकलस्वारांना जुन्या घोडवाटांवरून जाण्याचा हक्क मिळाला, पण एका अटीवर: पायी चालणाऱ्याला आणि घोड्यावरच्या माणसाला आधी वाट द्यायची. निव्वळ पायी चालण्याच्या वाटांवर मात्र तो हक्क दिला नाही. आपल्याला हाच न्याय लावता येईल. बैलवाट असेल तिथे सायकल, नाळ आणि शिडी असेल तिथे नाही, आणि सायकल असेल तिथे आधी मान माणसाचा, मग ढोरांचा, शेवटी आमचा. गाई-म्हशींचा कळप समोरून आला तर सायकलवरून उतरून दरीच्या नाही, डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, गुराखी सांगेल तेव्हा निघायचं. हे आम्ही पाळू, आणि जो पाळणार नाही त्याला वाटेवर बंदी घाला. आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू.

तुमच्या कार्यालयात सायकलींबद्दल ज्या शंका घेतल्या जातात त्या मी ऐकल्या आहेत, आणि त्या रास्त आहेत. सायकलने वाट उखडते का? १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या डोंगरवाटांवर माणूस, घोडा, मोटारसायकल आणि सायकल यांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाकांपेक्षा पायांनी आणि खुरांनी जास्त माती मोकळी होते, विशेषतः ओल्या वाटेवर, असा त्याचा निष्कर्ष होता. पण मी या अभ्यासाची ढाल करणार नाही. मोंटानात सह्याद्रीचा आषाढ नसतो. आणि ब्रेक दाबून मागचं चाक फरपटत नेणारा नवशिका एका उतरणीवर जी चरी पाडतो ती मी पाहिली आहे. म्हणून माझ्यासारख्याच सायकलवेड्यांना न आवडणारी मागणी मी इथे स्वतः करते आहे: मातीच्या वाटा पावसाळाभर सायकलींना बंद ठेवा. मृगापासून दसऱ्यापर्यंत म्हणा हवं तर. चिखलात सायकल चालवण्याची मजा मला माहीत आहे, ढगात शिरलेल्या पठारावरची ती हवा मला माहीत आहे. पण त्या चार महिन्यांत खचलेली वाट पुढचे आठ महिने भरून येत नाही. ज्यांना पावसात चालवायचीच आहे त्यांना कातळावरून आणि कच्च्या गाडीरस्त्यांवरून जाता येईल.

प्राण्यांचं काय? सायकल आवाज न करता वेगाने येते आणि वळणावर भेकर, रानडुक्कर किंवा बिबट्या समोर असला तर दोघांचीही फसगत होते. म्हणून सूर्यास्तानंतर आणि उजाडण्याआधी सायकल नको, दाट झाडीतल्या वळणांवर घंटा हवीच. गवताळ माळावर रातवा आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. चंडोलही. उन्हाळ्यात वाट सोडून माळावर सायकल घालणारा अंडी चिरडतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. वाट सोडायची नाही, हा नियम म्हणूनच सगळ्यात कडक असला पाहिजे.

काही जागा तर यादीत येऊच नयेत. ताम्हिणी अभयारण्यातल्या शेकरूच्या झाडीत आम्हाला वाट नको. अंधारबनची वाट नको. ती अरुंद आहे, कड्यालगत आहे आणि तिच्यावर आधीच माणसांची इतकी गर्दी होते की पावसाळ्यात ती बंद करावी लागते. देवराईतून नको, मग ती वाट कितीही सोयीची असो. किल्ल्यांच्या चढणीच्या वाटा नकोत, आणि राजगड ते तोरणा ही धार चालणाऱ्यांचीच राहू द्या. पावसानंतर फुलणारे कातळाचे सडे तर अजिबात नकोत. जिथे दोन इंच मातीत वर्षभराचं जगणं सामावलेलं असतं तिथे एका चाकाचीही रेघ नको.

मग उरलं काय? भरपूर काही. दोन वाड्यांना जोडणाऱ्या पायथ्याच्या वाटा. पानशेत, वरसगाव, भाटघरच्या पाण्याकडेच्या ढोरवाटा, धरणांत गेलेल्या जुन्या गावांचे पाण्यातून वर आलेले गाडीमार्ग. रोपवनांतल्या कच्च्या वाटा. खिंडीतून खिंडीत जाणाऱ्या, कारवीच्या रानातून वळणं घेणाऱ्या बैलवाटा. आणि हो, तुमच्या जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत-झाडोरा काढून ठेवलेले पट्टे. फेब्रुवारीत वणव्याच्या आधी त्या साफ करता, तेव्हा त्यांच्यावर सायकल सहज चालते. त्यांच्यावरून रोज चार सायकली गेल्या तर धूर दिसताच कळवणारी चार माणसं तुम्हाला फुकट मिळतील. वणवा लागलेल्या डोंगरावर सगळ्यात आधी पोचणं किती मोलाचं असतं ते तुमच्या वनरक्षकांइतकं कुणाला ठाऊक नसेल.

सायकल म्हणजे सायकल, हेही स्पष्ट लिहून ठेवा. मोटारसायकली आणि ऑफ-रोडिंगच्या जीपगाड्या यांना या वाटांवर मज्जाव असावा, आणि वाटेच्या तोंडाशी दोन दगडी खांब इतक्या अंतरावर रोवा की म्हैस जाईल पण जीप जाणार नाही. आज नियमच नसल्यामुळे उलटं होतं. गावाजवळच्या एका उतारावर चाकोऱ्या पाडून गेलेल्या जीपगाड्यांना कुणी अडवलं नाही, आणि त्याच वाटेवर आम्हा तिघीचौघींना सायकली घेऊन थांबवलं गेलं. थांबवणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्याकडे हो म्हणायला किंवा नाही म्हणायला कुठलाच कागद नव्हता.

आता थोडं समित्यांच्या सदस्यांशी बोलते.

दादा, ताई, या पत्राची दुसरी अर्धी बाजू तुमची आहे. पुण्यातली माणसं येतात, गाडी देवळापुढे लावतात, प्लास्टिक टाकतात, निघून जातात, आणि गावाला काही मिळत नाही, हा तुमचा अनुभव मला घरातूनच माहीत आहे. म्हणून वाट खुली करायची की नाही हे आधी ग्रामसभेत ठरलं पाहिजे, आणि ग्रामसभेने नको म्हटलं तर विषय तिथे संपला पाहिजे. हो म्हटलं, तर शुल्क तुमच्या समितीने घ्यावं. सिंहगडावर घेरा सिंहगडची समिती हे काम करते, कासला आसपासच्या गावांची समिती करते. म्हणजे पद्धत नवी नाही. फरक एवढाच असावा की गोळा झालेल्या पैशातला ठरलेला वाटा त्याच वाटेच्या देखभालीच्या मजुरीवर खर्च व्हावा आणि तो हिशोब चावडीवर लागावा. वाट सांभाळण्याचं काम दरवर्षी असतं: दसऱ्यानंतर खोलगे साफ करायचे, निखळलेले दगड बसवायचे, जाळी छाटायची. कोरडा बांध रचणारे हात अजून खोऱ्यात आहेत, पण ते बहुतेक साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्याबरोबर दोन तरुण पोरं मजुरीवर लावली नाहीत तर दहा वर्षांनी हे काम करायला बाहेरून ठेकेदार आणावा लागेल आणि तो सिमेंटची गोणी घेऊनच येईल. रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीच करणाऱ्या राज्यात हे काम बसवणं अवघड जाऊ नये.

सायकलवाले गर्दी करत नाहीत, पण जेवतात फार. पिठलं-भाकरी, आंब्याच्या दिवसांत आमरस, रात्रीचा मुक्काम, पंक्चर काढणारा एखादा पोरगा, सायकली टेम्पोतून परत नेणारा एखादा टेम्पोवाला. यातून वाडी श्रीमंत होईल असं मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या डर्बी नावाच्या जुन्या खाणीच्या गावाने २०१५ मध्ये सायकलवाटा सुरू केल्या आणि ते गाव जगाच्या नकाशावर आलं, पण आपल्या वाडीचं डर्बी व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. आठवड्याला वीसपंचवीस माणसं, वाटेवरच्या दोनचार घरांना जोडधंदा, एवढं झालं तरी पोरगं पुण्याला पार्सल पोचवायला जाण्याआधी एकदा विचार करेल.

आणि पोरांबद्दल आणखी एक. माउंटन बाइकिंग १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या खेळाची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळात पोनमुडीच्या डोंगरात झाली. आपल्या संगमनेरच्या प्रणिता सोमणने या खेळात राष्ट्रीय पातळीवर नाव काढलंय. आमच्या खोऱ्यातली पोरं शेण टाकायला जातानासुद्धा जी उतरण ब्रेकशिवाय उतरतात ती पाहिली की मला वाटतं, यांना सायकल आणि एक नीट वाट मिळाली तर ही पोरं शहरातल्या कुणाला ऐकणार नाहीत. प्रत्येक खुल्या वाटेच्या गावात शाळेकडे चार-पाच सायकली असाव्यात, त्या आम्ही जमवून देऊ. जुन्या पण चांगल्या सायकली शहरात बाल्कन्यांमध्ये धूळ खात पडल्या आहेत.

शेवटी साहेबांकडे नेमकं काय मागते आहे ते लिहिते, म्हणजे फाइलवर शेरा मारायला सोपं जाईल. येत्या मोसमातल्या चरांच्या आखणीआधी प्रत्येक परिमंडळात गावकऱ्यांना बरोबर घेऊन वाटा चालून पाहाव्यात आणि नकाशावर घ्याव्यात. त्यांतली एकच वाट पहिल्या वर्षी घ्यावी. आठ-दहा किलोमीटरची असली तरी पुरे, पण दोन्ही टोकांना गाव असलेली आणि ग्रामसभेने होकार दिलेली हवी. ती हातानेच दुरुस्त करावी, यंत्राला परवानगी देऊ नये. दर अर्ध्या किलोमीटरवर क्रमांक कोरलेला दगड रोवावा, कारण बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते आणि १०८ ला फोन लागलाच तर ‘त्या मोठ्या उंबराच्या पुढे’ असं सांगून रुग्णवाहिकेतल्या माणसाला काही कळत नाही. वाटेच्या दोन्ही तोंडांना एकेक साधी पाटी असावी: कोण जाऊ शकतं, कधी बंद, शुल्क किती, समितीचा नंबर काय. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याखाली पैसे घेऊन सायकलस्वार आणणाऱ्यांची नोंदणी तपासावी. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ठरावीक जागांवर वाटेची रुंदी आणि खोली मोजावी. दोन वर्षं मोजमाप ठेवून वाट खचते आहे असं दिसलं तर ती सायकलींना बंद करावी. त्या निर्णयावर आम्ही भांडायला येणार नाही.

चालून पाहायचा दिवस ठरला की कळवा. कामाचा वार असला तरी चालेल, आम्ही रजा काढून येऊ, पहारी आणि घमेली आमची आम्ही आणू. कानंदी खोऱ्यातल्या ज्या बैलवाटेबद्दल वर लिहिलं आहे तिचा गट क्रमांकांसह नकाशा आणि निखळलेल्या दगडांच्या जागांचे फोटो तुमच्या कार्यालयात वेगळे जमा करते आहे.

आपली नम्र,
राजगड तालुक्यातली एक माहेरवाशीण आणि सायकलस्वार